घुबडाच्या रांगेत

फ्रान्समधल्या दिजों शहरात एका चर्चच्या भिंतीवर एक छोटं दगडी घुबड आहे. त्यावर हात चोळून मनातलं मागायचं, म्हणून आम्ही रांगेत उभे होतो. एक बाई धापा टाकत आली आणि माझ्या पुढच्या म्हाताऱ्याशेजारी घुसली.

"बाबा! अहो, पाव आणायला गेला होतात ना?"

"आलीस का, सोलेन? गेलो होतो की."

"तीन तास झाले. आणि बेकरी आपल्या जिन्याखाली आहे!"

"जरा फेरी मारली. रस्त्यात ती पितळी घुबडं ठोकलीत ना, त्यांच्या बाणांमागून."

"ते बाण टुरिस्टांसाठी असतात. तुम्ही चाळीस वर्षं याच गल्ल्यांतून टपाल वाटलंत!"

"मग? बाण कुठे विचारतो, तू इथला की बाहेरचा?"

"आणि चुकलात म्हणजे?"

"नाही चुकत. नऊ नंबरच्या घुबडाला, म्हणजे इथे, येऊन थांबायचं. तू येतेसच."

"म्हणजे गेल्या रविवारीही तुम्हाला रस्ता..."

"हळू बोल गं, लोक बघतायत. चल, आपला नंबर आला."

"हं, लावा हात."

"कुठला?"

"बाबा..."

"सांग ना, कुठला हात?"

"डावा. हृदयाच्या बाजूचा. लहानपणी मी उजवा पुढे केला की चापट मारायचात."

"मी? छे! मी कशाला मारीन? हां, लावला. आता तू लाव. काय मागितलंस?"

"सांगायचं नसतं."

"मलासुद्धा नाही?"

"तुम्हाला तर नाहीच."