शेवगावची पाच मिनिटं

त्या अणुघड्याळाचं नाव काढू नका राव माझ्यासमोर! आमच्या सुप्याच्या आणि शेवगावच्या कारखान्यातली घड्याळं दिल्लीच्या अणुघड्याळाशी जुळवून ठेवायचं काम माझ्याकडे. सुप्याचं बरोबर चालायचं, शेवगावचं मात्र रोज सकाळी पाच मिनिटं पुढं. अँटेना बदलला, केबल बदलली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी स्वतः शेवगावला गेलो, तर गेटवरचे भाऊसाहेब थंडपणे म्हणाले, "बटन दाबून मीच करतो की पुढं. घड्याळ पुढं असलं की मानूस येळेवर येतो."

मी ओरडलोच, "अहो, ते अणुघड्याळ लाखो वर्षांत सेकंदभरसुद्धा चुकत नाही!"

"नसंल चुकत," भाऊसाहेब म्हणाले, "पन तुमी धाला येनार हुता, आन् आलात साडेअकराला."