जगात सगळ्यात जास्त खपलेली गाडी

मी करडीचा. मोहाडी तालुक्यातली करडी, बस भेटली त भंडाऱ्याहून जवळ, नाही भेटली त लय दूर. घरी धानाच्या बांध्या, बाबा चौथी शिकलेले, माय सही करते पन सहीच करते, बाकी काही लिहत नाही. आमच्या सगळ्या खानदानात पह्यला बीकॉम मी आहे. हे मी सगळ्यात आधी सांगतो, समोरच्यानं विचारो का न विचारो, सवय आहे म्हना, अन् खोटं त नाही न. निकाल लागला त बाबा मार्कशीट घेऊन आठवडी बाजारात गेलते, अन् ज्याले वाचता येत नाही त्यालेच जास्त दाखवत होते, कारन वाचता येनाऱ्यानं टक्के विचारले असते.

नोकरी लागली भंडाऱ्याले, हायवेवर, गाड्याच्या शोरूममधी. कंपनीचं नाव मी नाही घेत, चांगलंही नाही अन् वाईटही नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याले फोटो. माय म्हने, का रे, कलेक्टर ऑफिसात लागला का? मी म्हनलं, नाही माय, गाड्या विकतो. त ती म्हने, कोनाच्या? आता काय सांगू तिले. तिच्या हिशेबानं मानूस आपलीच वस्तू विकते, दुसऱ्याची विकते तो चोर नाही त दलाल.

नागपूरले आमची ट्रेनिंग झाली. मोठा हॉल, थंड हवा, पडद्यावर पृथ्वीचा नकाशा. सुटाबुटातला एक मानूस इंग्रजीत सांगत होता, अर्धं समजे, अर्धं मी समजून घेतलं. त्यानं दाखवलं, या या देशात आपली हे गाडी चालते, बर्फात चालते, वाळूत चालते, अन् म्हने, जगात सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या गाड्याइत हे आहे, कितीक साल त पह्यल्या नंबरवर होती. काय सांगू तुमाले, माही छाती फुगली. वाटलं, करडीचा मानूस, अन् जगातल्या पह्यल्या नंबरशी त्याचं नातं जुळलं. तो नकाशा माह्या डोक्यात जो बसला तो बसलाच.

पन आमच्या इकडचं गिऱ्हाईक लय सरळ. ते नकाशा नाही पाहत, शेजाऱ्याचं अंगन पाहते. शेजाऱ्यानं जे पांढरी लहान गाडी घेतली तेच घेईन, रंगही तोच. मी म्हनो, काका, आमची बसून त पाहा, दार लावून पाहा, आवाज ऐका. ते दार लावत, ठक्क, म्हनत वा, अन् पांढरी घ्याले समोरच्या शोरूममधी जात. जे खपते तेच खपते, बाकी सगळं बोलाचं.

आता माह्या बाईचं सांगतो, म्हनजे मोठ्या बहिणीचं, आमच्याकडे मोठीले बाई म्हनते. तिले दिली नाकाडोंगरीले, तुमसरच्या पलीकडे, जंगलाच्या अंगानं, मँगनीजच्या खानी आहेत तिकडे. भाऊजी डायव्हर. दुसऱ्याची जीप चालवत, खानीतले बाबू, लग्नाचे वऱ्हाडी, रातीबेराती दवाखान्याचं मानूस, सगळे त्याइलेच बोलावत, कारन हात शांत. खड्डा आला त सवारीले आधी सांगत, सांभाळा माय, आता लागन. मले ते गॅजुएट म्हनत. काय गॅजुएट, जेवले का? चिडवत नव्हते, त्याइले अभिमान होता, बिरादरीत कोनी आलं का माह्या खांद्यावर हात ठेवून सांगत, हा आमचा गॅजुएट.

भाऊजीले सोताची गाडी घ्याची होती. त्याइच्या मनात पांढरीच होती, त्याइच्या गल्लीत तेच उभ्या होत्या. पन घ्याच्या आधी मले विचारलं. मी म्हनलं, भाऊजी, ते आपल्या देशात जास्त विकते, हे जगात जास्त विकते. आता तुमीच सांगा, देश मोठा का जग मोठं? ते हासले, म्हने, जग मोठं. झालं. त्याइनं दुसरं कोनाले विचारलं नाही. अन् मी काही कमिशनसाठी म्हनलं नव्हतं, देवाची आन, मले खरंच तसं वाटे. आजही वाटते. गाडी वाईट नव्हती हो.

गाडी नाकाडोंगरीले मीच घेऊन गेलो. चाकाखाली लिंबू, नारळ, हळदीकुंकू, सगळी गल्ली जमा. बाईची सासू ताट घेऊन ओवाळाले आली. अन् मले हुशारी सुचली, मी चार लोकाइत मोठ्यानं म्हनलं, ही साधी गाडी नाही, जगात सगळ्यात जास्त खपलेली गाडी आहे.

म्हातारीचा हात थांबला. म्हने, काय म्हनला? मी म्हनलं, आजी, सगळ्यात जास्त खपलेली. त तिनं ताट खाली ठेवलं अन् भाऊजीचा हात धरून त्याइले गाडीपासून दूर ओढलं. म्हने, खपलेल्या गाडीत माह्या पोराले बसवतं काय रे? किती मानसं खपले हिच्यात?

आमच्याकडे मानूस मेला का खपला म्हनते. पुस्तकातलं खपनं वेगळं, माल विकला का खपला. मी समजावून सांगतलं, आजी, खपली म्हनजे विकली. ती म्हने, मंग विकली म्हन न बापा, खपली कायले म्हनतं? सगळी गल्ली हासली, सगळ्यात जास्त मी हासलो. भाऊजीले मारुतीच्या देवळाले पाच फेरे माराले लावले तिनं, गाडीसगट, अन् आरशाले काळा धागा बांधला, तेव्हा कुठं ओवाळलं.

गाडी मस्त चालली. तुमसर, कटंगी, गोंदिया, कुठं नाही गेली. एक बाई त वाटेतच बाळंत व्हाची, भाऊजीनं वेळेवर पोचवली, तिच्या घरच्याइनं पोरीचं नावही भाऊजीले ठेवाले लावलं. दिवाळीत, गावोगावी मंडईची जत्रा सुरू झाली का दंडारीच्या नाटकवाल्याइले या गावाहून त्या गावाले पोचवत, मागं ढोलकी बांधलेली. भाऊबीजेले बाई करडीले गाडीनं ये, अन् वेशीपासूनच भाऊजी हॉर्न वाजवत. माय म्हने, आली माही कलेक्टरीन.

मंग एके दिवशी सकाळी मॅनेजरनं आमाले सगळ्याइले बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मले समजलं काहीतरी झालं, तो चहा मागवत नव्हता कधी. म्हने, कंपनी आपल्या देशात गाड्या बनवनं बंद करून राहिली. कोनीतरी विचारलं, काहून? म्हने, खपत नाही. एवढंच. बाकी जगात चालूच आहे, इथंच बंद. पन घाबरू नका, म्हने, सर्विस मिळत राहीन, पार्ट मिळत राहतीन. मीही तेच भाऊजीले फोनवर सांगतलं, जसंच्या तसं. बोर्ड उतरला, काच पुसाले येनारी बाई यायची बंद झाली, मंग आमी.

मंग तुमसर रोडवर रेल्वे फाटकापाशी भाऊजीची गाडी बंद पडली. सवारी होती, भाऊजीनं दुसरी गाडी करून दिली, अन् आपली ओढत आनली. इंजिन चांगलं, चाकं चांगले, बॅटरी चांगली. तुमसरचा मिस्त्री म्हने, हिचा कंप्युटर गेला. डब्बा आहे एक, टिफिनापेक्षा लहान, तोच इंजिनले हुकूम देते. तो गेला का गाडी मेलेल्या मानसासारखी, सगळं अंग आहे अन् जीव नाही.

मी लागलो मागं. सर्विस सेंटर आता नागपूरलेच, तिथं गेलो, त म्हने ऑर्डर टाकतो. टाकली. मंग म्हने, येऊन राहिला. मंग म्हने, जहाजात आहे. मंग जो मानूस म्हने तोच नोकरी सोडून गेला. फोन लावला कंपनीच्या नंबरवर, त तिकडची बाई म्हने, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, अन् मंग संगीत. मले ते संगीत पाठ झालं. बायको म्हने, तुम्ही अंघोळीत तेच गुनगुनता.

मंग नागपूरच्या भंगार बाजारात एक डब्बा भेटला, तशाच गाडीचा. मी नवरदेवासारखा घेऊन आलो तुमसरले. मिस्त्रीनं बसवला, भाऊजीनं चाबी फिरवली, काही नाही. मिस्त्री म्हने, दादा, या डब्ब्याची अन् तुमच्या चाबीची ओळख नाही. ओळख करून द्या लागते, ते कंपनीच्या मशीननंच होते. मी म्हनलं, मंग करून घ्या. म्हने, वर आहे, नवरी आहे, लगन लावनारा भटजीच गाव सोडून गेला, मी काय करू? नागपूरचं मशीनही कंपनी परत घेऊन गेलती.

तेव्हा मले एक वाईट सवय लागली. मी मोबाईलवर बाहेरदेशातले रस्ते पाहो. खरंच, तिथं तेच गाडी. या रस्त्यानं तेच, त्या रस्त्यानं तेच, बर्फात पुरलेली तेच, पोलिसाची तेच, म्हाताऱ्याची तेच. इंग्रजीत लोक भांडत, हिचा रंग चांगला का तिचा. मी पाहत राहो. एवढ्या गाड्याइत एवढे डब्बे, अन् नाकाडोंगरीले एक लागते. जगात जे कुठंही भेटते ते माह्या बहिणीच्या दारात नाही भेटत, अन् मी बीकॉम झालेला मानूस, इंग्रजीत मेल लिहता येते मले, लिहले किती, सगळ्याइले उत्तर एकच आलं, आमी आपल्या असुविधेबद्दल दिलगीर आहोत.

नाकाडोंगरीच्या पानठेल्यावर लोक भाऊजीले म्हनत, काय भाऊ, गॅजुएटची गाडी खपली काय? सगळ्याइले तो ओवाळनीचा दिवस आठवे. भाऊजी हासत नव्हते, चिडतही नव्हते. अन् मले फोनवर गॅजुएट म्हननं त्याइनं सोडलं. सुनील म्हनाले लागले. एवढंच केलं त्याइनं. मी म्हनो, भाऊजी, शिव्या द्या. त एकदाच म्हनले, ‘तू सांगतलं म्हनून घेतली, सुनील. आता तुले तरी काय माहीत होतं.’ शिवी बरी असती.

त्या दिवाळीले बाई बसनं आली. भाऊबीजेचं ताट, करंज्या, सगळं पिशवीत, बसमधी उभी राहून. मायनं विचारलं, जवाई कुठं आहे? त म्हने, दुसऱ्याची गाडी घेऊन गोंदियाले गेले, सवारी होती. मले ओवाळलं. मी मान वर नाही केली. त म्हने, ‘वर पाह्य बाबू, टिळा कुठं लावू?’

गाडी त्याइच्या अंगनातच आहे. भाऊजी रविवारी धुतात. बाई म्हने, मी त्याइले म्हनते, कायले धुता, उठत नाही, चालत नाही. त ते म्हनते, धूळ त बसते न.

मी आता समोरच्या शोरूममधी आहे, पांढऱ्यावाल्या. त्याइनं लगेच घेतलं मले, अनुभव आहे म्हने. इथं बोला लागतच नाही. मानूस येते, ठरवूनच येते, मी फक्त रंग विचारतो, अन् तोही मले माहीत असते. दिवसभर मी म्हनतो, घ्या काका, सगळ्यात जास्त विकनारी आहे. तोंड म्हनते, मी नाही म्हनत.

मागच्या महिन्यात काचेचं दार उघडून भाऊजी आले, मागं बाई. त्याइनं इस्त्रीचा शर्ट घातलता. मी पानी दिलं, चहा सांगतला, अन् माह्या सोबत्याले म्हनलं, तू याइले गाडी दाखव. भाऊजी म्हने, नाही. त्याले कायले? आपला मानूस असताना दुसऱ्याले कायले विचारा? मले वाटलं, जमीन फाटो. म्हने, ‘तूच सांग, कोनती घेऊ?’

मी दिवसभर जे म्हनतो ते मले म्हनता आलं नाही. मी म्हनलं, भाऊजी, मी नाही सांगू शकत. कंपनी आहे, आज आहे, उद्या तिच्या मनात काय येईन मले काय माहीत. ते बाईकडे पाहू लागले. बाई म्हने, अरे, आमी तुह्या भरवशावर आलो न बाबू. मी म्हनलं, तेच त.

मंग मी चाबी घेतली, म्हनलं, चला, चालवून पाहा. भाऊजी चालवत, मी बाजूले, बाई मागं. कारध्याच्या पुलापर्यंत गेलो, वैनगंगा भरून चालली होती. पुलावर त्याइनं गाडी हळू केली. मी इतर गिऱ्हाइकाले त्या पुलावर पिकअप सांगतो, मायलेज सांगतो, गप बसत नाही. त्या दिवशी मी खिडकीची काच खाली केली. भाऊजीच म्हने, चांगली आहे. सगळ्याइची आहे त चांगलीच असन. अन् माह्याकडे पाह्यलं, मी काही म्हनन म्हनून. मी नदी पाहत राह्यलो.

परत आलो, चहा पिले, म्हने, विचार करून सांगतो. मी त्याइले बसस्टँडवर सोडलं, बाईच्या हातात पेढे दिले.

फोन नाही आला अजून. मीही केला नाही. केला त ते विचारतीन, सांग, घेऊ का? अन् नाही घेतली त बाई अजून उभीच येईन बसमधी. घेवोत, न घेवोत, ज्याची घ्याची त्याची घेवोत. त्याइच्या हाताखाली गाडी चालत राहो बापा, एवढंच मी म्हनू शकतो, अन् हे म्हनाले बीकॉम व्हा लागत नाही.