पेडलवरचे ठोकळे

चहा गार होऊ दे, आधी हे ऐका. दादाला जाऊन महिनाही झाला नाही. आबांची जुनी, उघड्या चाकांची रेसची गाडी तो बारामतीच्या प्रदर्शनासाठी जोडत होता. मी जवळ गेलो की ओरडायचा, “बारक्या, हात लावू नगं!”

राहिलेली चाकं काल मीच बसवली आणि मुद्दाम आत जाऊन बसलो. पाय थेट पेडलला टेकले! सीट दादाच्या मापाची, आणि तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. वाकून बघतो तर पेडलवर लाकडी ठोकळे.

“दादाच्या कामात कुणी हात घातला?” म्हणत मी पाना घेऊन एक काढलाच.

आबा म्हणाले, “आरं, त्यानंच बसवलं. म्हणला, प्रदर्शनात हिच्यात आमचा बारक्या बसणार हाय, त्याला सांगू नगा.”

परत बसवायला दोनच बोल्ट लागतात. कालपासून तो ठोकळा खिशात घेऊन फिरतोय.