काका, तुम्ही जिन्यानं या

अप्पा : डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणाले, ठणठणीत आहात, पुन्हा तोंड दाखवू नका.

लेक : अप्पा, तुम्ही कपाटात आहात.

अप्पा : मग गेलोच नव्हतो असं समज.

(कपाटाचं दार आतून ओढून घेतलेलं. लेक बाहेर उभी, हातात अप्पांच्या चपला.)

लेक : बाहेर या. पाचची वेळ घेतलीय डॉक्टरांची.

अप्पा : कितवा मजला?

लेक : अप्पा, पुरे.

अप्पा : मजला कळल्याशिवाय लिफ्टमन दार उघडत नाही. जन्मभर तेच केलं. मोठ्या साहेबांनासुद्धा रोज विचारायचो, रोज सातवाच असला तरी.

लेक : आईच्या कपाटाची लिफ्ट केलीत. शेजारच्या काकूंनी विचारलं तर काय सांगू?

अप्पा : वडील पुन्हा कामावर रुजू झाले म्हणावं.

लेक : स्टूलपण आत नेलंय?

अप्पा : कंपनीची भेट आहे. आपोआप चालणारी लिफ्ट आली तेव्हा निरोप समारंभ केला. मला वाटलं, घड्याळ देतील. माझंच स्टूल रंगीत कागदात गुंडाळून दिलं.

लेक : ताट सकाळपासून तसंच आहे. रात्रभर टक्क जागे असता. आंघोळ कधी केली होती?

अप्पा : प्रवाशांची तक्रार नाही.

लेक : डॉक्टर म्हणाले होते ना, मन कशात तरी रमवा.

अप्पा : रमवतोय की. तू कपाट रिकामं केलंस, म्हणून सोय झाली.

लेक : तिचे कपडे सारखे समोर दिसायला नकोत, म्हणून देऊन टाकले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

अप्पा : वाटतंय. चांगलं ऐसपैस झालंय.

लेक : टोमणे मारा. माझी कुणीच नव्हती का ती? मी कुठल्या कपाटात जाऊन बसू?

अप्पा : इथंच ये म्हणालो असतो. पण जागा नाही. तेव्हाही नव्हती.

लेक : तेव्हा कधी?

अप्पा : तिला दवाखान्यात नेलं तेव्हा. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. उभं केलं, दोघांनी धरलं, लिफ्ट भरली. मला म्हणाले, काका, तुम्ही जिन्यानं या. मला. जिन्यानं. चार मजले गुडघे धरत उतरलो, तोवर गाडी निघून गेली होती.

लेक : मी थेट दवाखान्यात पोचले होते. हे कधी बोलला नाहीत.

अप्पा : सगळे जेवलात का, झोपलात का, एवढंच विचारतात.

लेक : बरं. तळमजला. आता उघडा दार.

अप्पा : आधी एक अर्ज लिहून घे. तुझं अक्षर बरं आहे.

लेक : अप्पा...

अप्पा : लिही. प्रति, सोसायटीचे सेक्रेटरी साहेब. महोदय, मी नोकरीत असताना सकाळी वर नेलेलं प्रत्येक माणूस संध्याकाळी खाली आणून सोडलं, कुणालाही मध्येच टाकलं नाही. तरी आपल्या लिफ्टनं चौथ्या मजल्यावरून खाली नेलेल्या बाईंना त्याच मजल्यावर परत आणून सोडावं, ही नम्र विनंती.