खुर्चीवर न बसणारी विहीण

...आणि वर मलाच विचारतात, "अरुणा भाभी, आप कुर्सी पे क्यों नहीं बैठतीं?" नाही बसत! घरात सहा खुर्च्या आहेत, ह्यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेल्या, पण मी आपली खाली सतरंजीवर. का, ते सांगते, पण जरा जवळ सरका, आणि हळू बोला हो... ऐकतात ते!

कोण म्हणजे? ग्रीक देव!

हसू नका. मीही हसले होते, त्याचीच फळं भोगतेय.

तुम्हाला सांगते, मी मूळची कराडची, शिक्षण दहावीपर्यंत, तीही दुसऱ्या खेपेला. आमचे हे, म्हणजे चंद्रहासराव, एअरफोर्समध्ये होते. बदल्यांवर बदल्या, आणि शेवटी इथे लखनौला तेलीबागेत घर बांधलं. शेजारी भाड्यानं देवयानी आली, नागपूरची, कॉलेजात ग्रीक आणि रोमन देवांच्या गोष्टी शिकवते. आता एकटी मराठी पोरगी शेजारी राहते म्हटल्यावर तिच्याकडे कोण येतं, कोण जातं, तिनं दुपारी काय खाल्लं, ही चौकशी मी नाही करायची तर कुणी करायची? रोज चार वाजता वाटीत काहीतरी घालून न्यायचं आणि बसायचं. ती दुसऱ्या दिवशीचं लेक्चर माझ्यापुढं म्हणून बघायची.

अहो, काय ते देव! सगळ्यांत मोठा झ्यूस, विजा फेकणारा, आणि बायकोची नजर चुकवून कधी बैल होऊन जातो, कधी हंस होऊन, एकदा तर सोन्याचा पाऊस होऊन! मी म्हटलं, "देवयानी, हा बाबा घरच्या कपड्यांत कधी असतो गं?" आणि बायको? त्याला काही बोलत नाही, त्या बिचाऱ्या पोरींच्या मागे लागते, एकीच्या मागे चावरी माशी सोडून तिला देशोदेशी पळवते! मग रोमवाले आले, त्यांनी तेच देव ठेवले, फक्त नावं नवी दिली. आमच्या क्वार्टरसारखं, घर तेच, पाटी नवी. मला भारी मज्जा यायची. आमच्या गल्लीतही असं एक घर आहे... जाऊ दे, नाव नाही घेत.

पण मग आली क्षितिजाची गोष्ट.

क्षितिजा माझी एकुलती एक. तिला स्थळ सांगून आलं नेव्हीतलं, निरंजन, नोकरी विशाखापट्टणमला, आईवडील इथेच आलमबागला. आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. तीस बायका, हातात तिळगुळाचा डबा, आणि तोंडात ही जीभ! मी म्हटलं, "मुलगा सगळे समुद्र फिरलाय म्हणे, पण आमच्या क्षितिजासारखी जलपरीसुद्धा बघितली नसेल त्यानं! तोंड लपवतील जलपऱ्या, तोंड!" बायका हसल्या, मी दोन लाडू जास्त वाटले.

दुसऱ्या दिवशी हेच देवयानीला सांगायला गेले, तर ती कप खाली ठेवून म्हणते, "अय्या काकू! अगदी हेच एका राणीनं म्हटलं होतं! कॅसिओपिया तिचं नाव. माझी मुलगी समुद्राच्या अप्सरांहून सुंदर आहे म्हणाली."

"मग?"

"मग समुद्राचा देव चिडला."

"मग?"

"मग त्यानं पूर आणला, एक अक्राळविक्राळ जनावर सोडलं, आणि शेवटी त्या मुलीला किनाऱ्यावरच्या खडकाला साखळदंडांनी बांधून त्या जनावरापुढं ठेवावं लागलं."

माझ्या हातातली वाटी तिथंच पडली. म्हटलं, "आणि आईचं काय झालं गं?"

"आईला खुर्चीसकट आकाशात टांगलं, तारे करून. अर्धा वेळ डोकं खाली, पाय वर. अजून दिसते ती, काकू. गच्चीवरून दाखवीन तुम्हाला."

दाखवीन म्हणे!

मला सांगा, आपले देव काय कमी रागीट आहेत? पण आपल्याकडे उपास आहे, नारळ आहे, चुकलं तर नाक घासायची सोय आहे. तिथं माफीची खिडकीच नाही! बोलली आई, बांधली मुलगी! देव झाले म्हणून असं वाग... नको, नको. हळू बोला हो, ऐकतात ते.

देवयानी समजूत घालायला लागली, "काकू, अहो शेकडो वर्षं झाली, त्यांना आता कुणी पूजत नाही." अगं, मग तर मेलोच! शेकडो वर्षं उपाशी बसलेले देव! ना नारळ, ना उदबत्ती, आणि एवढ्या वर्षांनी पहिली बढाई ऐकू येते ती कुठून? तेलीबागेतून!

हे म्हणाले, "अगं, लखनौपासून समुद्र किती लांब आहे!" मी म्हटलं, "आणि विशाखापट्टणमपासून?" पेपर तोंडापुढं धरला ह्यांनी.

पोरीची दृष्ट काढायला बसले. मूठभर मीठ, मोहऱ्या, तीन फेऱ्या झाल्या आणि एकदम डोक्यात आलं... मीठ कुठलं? समुद्राचं! त्याचाच माल त्याच्यावर उधळतेय मी! सगळं मीठ नेऊन फेकलं. दोन दिवस घरात अळणी जेवण. सब्जीवाला दारात आला तर म्हणतो कसा, "भाभीजी, बिटिया तो बिलकुल परी लगती है!" मी किंचाळले, "चुप! चार किलो गोभी दे दो और चुप!" आठवडाभर फ्लॉवर खाल्ला आम्ही.

शेवटी ठरवलं, बोललेलं परत घ्यायचं. त्या तीसही बायकांच्या घरी जाऊन आले, "मुलगी तशी साधारणच आहे हं आमची." आणि आला रविवार, बघण्याचा कार्यक्रम. विजयाताई, म्हणजे मुलाची आई, बसल्या बसल्या म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो तुमची." आणि त्याच क्षणी टेबलावरचा पाण्याचा जग कलंडला! पाणी! ह्यांचं कोपर लागलं असं हे म्हणतात, पण मी काय ते समजले. मी उभीच होते, खुर्चीची हिंमत नव्हती. म्हटलं, "छे हो, छान कसली? नाक बघा, आमच्या सासऱ्यांचं आहे."

क्षितिजा कुजबुजली, "मम्मी, आप क्या बोल रही हैं?"

"घोरते पण. आणि पोळी म्हणाल तर एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं कोळसा. चिडकी तर अशी..."

"मम्मी!"

"बघा. म्हटलं ना?"

हे छताकडे बघत बसले. निरंजन रुमालानं तोंड पुसतोय, पुसतोय, पुसतच राहिला. पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पोरगी खोलीत जाऊन बसली. मी दारातून म्हटलं, "बाळा, तुझ्याच जिवासाठी केलं गं." आता आमची क्षितिजा मराठी कळत असूनही जन्मभर हिंदीतच उत्तर देणारी. त्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "आई, मला आवडला होता तो."

आई म्हणाली. मम्मी नाही.

तुम्हाला सांगते, तेव्हा मी खरी घाबरले. त्या जनावरापेक्षा जास्त. देव राहिले बाजूला, पोरीला खडकाला बांधणारी तर मीच! साखळदंड माझ्या तोंडातून निघालेले! तीन दिवस फोन वाजला नाही. देवघरापुढं बसले, तर तिथंही काय मागावं सुचेना, कुणी ऐकलं तर?

चौथ्या दिवशी, मेट्रोच्या खोदकामातून वाट काढत विजयाताई रिक्षानं एकट्याच दारात. "वहिनी," म्हणाल्या, "दोन वर्षं मुली बघतोय. प्रत्येक आई सांगते, माझी मुलगी म्हणजे लक्ष्मी, माझी मुलगी म्हणजे अप्सरा. मुलगी घोरते असं तोंडावर सांगणारी आई पहिल्यांदा भेटली. लपवाछपवी नाही तुमच्या घरात! आणि निरंजन म्हणतो, लग्न करीन तर इथंच."

मला रडूच फुटलं. क्षितिजाला हाक मारली, पेढे आणायला ह्यांना पिटाळलं, आणि विजयाताई ऐसपैस खुर्चीवर बसल्या. बसल्या त्या बसल्या, आणि तोंड उघडलं, "आता आमच्या निरंजनचं ऐका! पोहायला लागला की मासे मागं पडतात, मासे! समुद्रसुद्धा टरकून असतो त्याला!"

खुर्चीत बसून! समुद्राला!

मी झडप घातली. हाताला धरून त्यांना खाली खेचलं, सतरंजीवर. "अहो विहीणबाई, हळू बोला... ऐकतात ते!" आणि सगळी गोष्ट सांगितली, राणी, मुलगी, जनावर, उलटी टांगलेली खुर्ची. त्या बाई पांढऱ्याफटक! तिथल्या तिथं म्हणाल्या, "तसा तो साधारणच पोहतो हो. एकदा गोमतीत गटांगळ्या खाल्ल्यायत."

लग्न झालं, वर्ष झालं. पोरं अगदी सुखात... म्हणजे आहेत आपली, ठीकठाक, विशेष काही नाही! लग्नाच्या फोटोंतही आम्ही दोघी विहिणी खालीच बसलोय, आणि लोक विचारतात गुडघे दुखत नाहीत का. दुखतात ना! माझे गुडघे दुखतात तसे तर कुणाचेच...

नको. साधारणच दुखतात. चारचौघींसारखे.