पाठमोरी बाई

सर : ...आणि हे? हे चित्र कधीचं?

सुलक्षणा : मंगळवारचं, सर. विषय भाजीबाजार.

सर : भाजीबाजारात कळशी घेऊन कोण जातं?

सुलक्षणा : ती जाते.

मालन : ती सगळीकडे जाते, सर! हिच्या सर्कशीतपण आहे. सिंहाच्या पिंजऱ्यापाशी कळशी घेऊन उभी. मी पोट धरून हसले.

सर : मालन, ब्रश धू.

मालन : धुतले ना.

सर : परत धू. सुलक्षणा, ही मी फळ्यावर शिकवलेलीच ना? पाठमोरी बाई, कमरेवर कळशी?

सुलक्षणा : हो सर. तुम्हीच म्हणालात, इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात कमीत कमी तीन माणसं लागतात. चेहरे जमत नसतील तर ही एक पाठ करून ठेवा, कुठल्याही विषयात बसते.

सर : मग ही पाठमोरी कुठाय? हिचा कान दिसतोय.

सुलक्षणा : कान मंगळवारी आला. बुधवारी गाल. काल नाकाचं टोक आणि चमकी. आजचं हे बघा, अर्धा चेहरा.

सर : चमकी तुला कुणी सांगितली?

सुलक्षणा : कुणीच नाही. मी पाठमोरीच काढते, सर. रंगाचं पाणी बदलायला उठते. परत येते, तर ती तेवढी वळलेली असते.

मालन : खरंय, सर. मी शेजारीच बसते. माझी बाई बघा, ढिम्म हलत नाही.

सर : आत्ता एक काढ. माझ्यासमोर.

सुलक्षणा : दिवसातून एकदाच वळते. दुसऱ्यांदा काढलं की नुसतं चित्र होतं. मी करून बघितलंय.

सर : म्हणजे उद्या पूर्ण वळेल.

सुलक्षणा : उद्या तर पेपर आहे.

सर : उद्या तिला काढू नकोस.

सुलक्षणा : का, सर?

सर : पेपर परत मिळत नाहीत गो. गठ्ठे बांधून, लाख लावून जातात. ती तिथे वळली, तर मला दिसायची नाही.

सुलक्षणा : तुम्हाला?

सर : तिचं नाव कमल. माझी बायको.

मालन : सर...

सर : राहू देत ते ब्रश. बस. एकोणसत्तर साल. आमच्या वाकोल्याच्या चाळीत नळ पार टोकाला. संध्याकाळी कळशी घेऊन निघाली. मी म्हटलं, बेगीन ये गो. दारातून तिची पाठ दिसली, तेवढीच. अर्ध्या तासाने जाऊन बघतो, तर नळाखाली कळशी भरून वाहतेय. ती नाही.

सुलक्षणा : पोलीस?

सर : पोलीस झाले, गाव झालं, तिचं माहेर झालं. सगळं झालं.

मालन : फोटो असेल ना, सर?

सर : लग्नातला एक आहे. मान खाली, त्यावर मुंडावळ्या. चेहरा काय, मनात आहेच, कधीही काढू, असं म्हणत चारपाच वर्षं गेली. एक दिवस काढायला बसलो, तर आठवेना. तेव्हापासून ही पाठ तेवढी राहिलीय. तीपण जाऊ नये म्हणून दर वर्षी फळ्यावर काढतो. तुमच्याकडून काढून घेतो.

मालन : म्हणजे मी चार महिने एका मेलेल्या...

सर : मेली असं तुला कुणी सांगितलं?

मालन : सॉरी, सर.

सुलक्षणा : मी उद्या तिच्या जागी फुगेवाला काढते.

सर : जमेल?

सुलक्षणा : त्याचे हात नीट येत नाहीत मला. आणि ए ग्रेड नाही आली, तर बाबा आर्ट स्कूलचं नाव काढू देणार नाहीत, टायपिंगला घालतील. पण काढते. परवा घरी बसून तिला काढीन. ते चित्र तुमचं.

(दुसरा दिवस. पेपर सुटल्यावर परीक्षाकेंद्राचा व्हरांडा.)

मालन : वाट लागली, सर! विषय इतका सोपा, सार्वजनिक नळ, आणि मला बाईच आठवेना! कळशी झकास काढली. पण कळशी धरायला कोणी नाही.

सर : मग काय केलंस?

मालन : कळशीमागे भिंत काढली. म्हटलं, बाई भिंतीमागे आहे. नंदकिशोरने तर तीनदा खोडून कागद फाडला. अख्ख्या वर्गाचं तेच, सर.

सर : सुलक्षणा?

सुलक्षणा : मी फुगेवालाच काढला, सर. शप्पथ.

सर : बरं. मग?

सुलक्षणा : पाणी बदलून आले. फुगेवाल्याच्या जागी ती.

सर : वळलेली?

सुलक्षणा : पूर्ण. तिच्यावरून फिरवायला पांढरा रंग घेतला. हात चालेना. मग म्हटलं, नीट बघून तरी घेऊ, सरांना सांगायचंय. शेवटची दहा मिनिटं मी काही रंगवलं नाही. नुसती बघत बसले.

सर : सांग.

सुलक्षणा : कपाळ...

सर : हां. कपाळ. रुंद होतं?

सुलक्षणा : सुपरवायझर बाईंनी पेपर उचलला, तोपर्यंत होतं, सर. दारापर्यंत मी मनात घोकत आले. कपाळ असं, भुवया अशा, हनुवटी अशी. आता घोकलेलं तेवढं आहे. चेहरा नाही.

मालन : ए, रडू नको ना.

सर : रडायचं काही नाही. आजपासून पुन्हा सुरू कर. पहिल्यासारखी पाठमोरी काढ. वळेल हळूहळू. मला घाई नाही.

सुलक्षणा : पाठमोरी कशी, सर?

सर : कशी म्हणजे?

सुलक्षणा : मलापण आठवत नाहीये.

सर : वहीचं पान दे इकडे. मी देतो काढून. पंधरा वर्षं काढतोय, डोळे मिटून येते. ही बघ कळशी. हा तिचा काठ. आता त्याच्यावरून हा असा तिचा...

मालन : सर, ही परत कळशीच झाली.

सर : थांब गो जरा.

मालन : ही तिसरी, सर.

सुलक्षणा : मालन, गप ना. सर, राहू दे. घरी गेल्यावर काढा.

सर : सुलक्षणा, बाई कमरेवर कळशी घेते ना, तेव्हा कुठल्या बाजूला झुकते गं?