तिसरा मुलगा उत्रोलीत आहे

हॅलो?… हो, भोरहून गंगाधरच बोलतोय. सौदामिनी, आधी श्वास घे. ट्रंक कॉलची तीन मिनिटं रडण्यात घालवू नकोस.

नाही, हरवला नाही. मोटारीतून दोघेच उतरले, हे बरोबर. तिसरा उत्रोलीत आहे… उत्रोलीत. बनाबाईंच्या घरी… पळून कशाला जाईल? मी स्वतः त्याला तिथं ठेवून आलोय.

हो, हो… अगं ऐक ना. क्रमानं सांगतो.

जेवण झालं. तुझ्या पत्राबरहुकूम. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी. शैलजा पहाटेपासून चुलीपुढे होती… चांदीची ताटंही काढली. त्या दोघांनी दोन-दोन पोळ्या खाल्ल्या. तिसऱ्यानं, बा थेननं, चतकोर खाल्ली आणि तीनदा आभार मानले. पोट भरलेला माणूस इतके आभार मानत नाही.

…तुपाचा काही दोष नाही. दोष आपला. ब्रह्मदेशच्या मुलांना घरचं जेवण घालायचं, इथवर आपण दोघांनी विचार केला. कुणाच्या घरचं, हे तू विचारलं नाहीस. मीही नाही.

मग? मग भाताची लावणी दाखवायला उत्रोलीला नेलं. शेतकीचे विद्यार्थी, म्हटलं तेवढाच अभ्यास. बांधावर बनाबाई बायकांबरोबर जेवायला बसल्या होत्या… त्याच, आपल्याकडे आंबेमोहोर तांदूळ घालतात त्या. भात आणि सुकटीचं कालवण… सुकट, अगं. वाळवलेली बारीक मासळी. मी शिस्तीत वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहिलो. बा थेन खालच्या अंगाला होता.

थांबला. वीस पावलांवर. मला म्हणाला, हे कुणी शिजवलं?… एवढंच. रंगून पडल्यापासून त्यानं आपणहून काही विचारलं ते हे पहिलंच, असं ते दोघे म्हणाले. मी पडताळलेलं नाही.

…खाल्लं का काय विचारतेस? तीनदा भात घेतला. बनाबाई मला म्हणाल्या, "मास्तर, लेकराला उपाशी आनलं व्हय हितं?" हे तुझ्या वहिनीला कळवायची गरज नाही.

नंतर लुंगी खोचून चिखलात उतरला. बायका एक ओळ लावीपर्यंत याची दीड… हो, मोजली. त्यातल्या ठकुबाईंनी त्याला जावई करून घ्यायची बोलणीही लावली, त्यांना मुलगी नसताना.

काय?… तीन मिनिटं झाली? मग सहा करा, आनंदराव. बहीण आहे पलीकडे… हं, बोल.

अर्ज? बा थेनचा? तो तुझ्या वसंतरावांच्याच टेबलावर आहे ना? कॉलेजातून नाव कमी करावं, आईच्या शोधार्थ जायचं आहे, तोच? मग त्यांना म्हणावं, आठ दिवस तो टेबलावरच राहू दे… नियम मला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा लढाई चाललेल्या सरहद्दीकडे एकटा पायी निघालाय. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाच्या हातून एक कागद आठ दिवस फायलींखाली राहिला, तर आभाळ कोसळत नाही.

…राहीन असं म्हणाला नाही. 'लावणी संपेपर्यंत' म्हणाला. तेवढंच मी तुला सांगू शकतो. सुकटीनं दुःख बरं होतं, असं विधान मी केलेलं नाही. एका निरीक्षणावर सिद्धांत उभारत नाहीत.

…मग कशानं थांबला?

ते फोनवर सांगायला संकोच वाटतो. त्याला आधार नाही काही… बरं, ऐक. बनाबाईंचा मुलगा मानसिंग पलटणीत आहे. जानेवारीत तिकडे, ब्रह्मदेशात होता. त्यानंतर पत्र नाही… नाही, एकही नाही. हा मुलगा तिथलाच, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "माजा मानसिंग तुज्या मुलखात हाय. तुजी आई त्याला वाढतीया, म्या तुला वाढते. फिट्टंफाट."

हो, मराठीतच. आणि मला म्हणाल्या, मास्तर, सांगा त्याला त्याच्या बोलीत. मला येतं ते इंग्रजी, पण त्याची बोली आणि इंग्रजी यांतला फरक त्यांना कुठला.

…मला कळतं, सौदामिनी. दीड कोटींहून अधिक वस्तीचा मुलूख. मानसिंगची आणि बा थेनच्या आईची गाठ पडण्याची शक्यता मी तिथंच बांधावर काढली. आकडा सांगण्याजोगा नाही. शिवाय मानसिंग आहे का, त्या मुलाची आई आहे का, कशालाच पुरावा नाही. बनाबाई आणि तो, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

केलं भाषांतर. शब्दशः.

…नाही. बारा वर्षं मुलांच्या वह्यांत मी तो शब्द तांबड्या शाईनं घालत आलोय, ठाऊक आहे मला. पण काल त्या भाषांतरात 'कदाचित' घातलं नाही… मुद्दाम घातलं नाही.

हॅलो?… सौदामिनी, ऐकू येतंय?… हॅलो?